स्मृतीची जबानी

हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हे सहकुटुंब समुद्रकिनारी गेले असता त्यांच्या शहरातील घरी चोरी झाली, चोर काही मुद्देमालासह पकडला गेला, आणि परत आल्यावर आपल्या घरात आपण काय पाहिले हे ज्यूरीपुढे शपथेवर सांगण्याची पाळी प्राध्यापकमहाशयांवर आली. चोर तळघराच्या खिडकीतून आत शिरले. ते रात्री आले असले पाहिजेत, कारण दुसऱ्या मजल्यावर मेणबत्तीचे थेंब सांडलेले होते. पुन्हा येण्याचा त्यांचा इरादा असावा, कारण जेवणघरातील टेबलावर एक मोठे घड्याळ कागदात गुंडाळून तयार ठेवलेले होते. आणि कपडे गेले ते अमुक इतकेच: अशी ही ठाम, तपशीलवार आणि ऐकणाराची पूर्ण खातरजमा व्हावी अशी जबानी होती. थोड्याच दिवसांनी वस्तुस्थितीशी तिचा मुकाबला करून पाहता तिच्यातील एकही बाब टिकली नाही. चोरांनी तळघराच्या दाराचे कुलूप फोडले होते. घड्याळ कागदात नव्हे, तर टेबलावर अंथरायच्या कापडात गुंडाळलेले होते. मेणाचे थेंब माळ्यावर होते. आणि गेलेल्या कपड्यांच्या यादीत आणखी सात नग घालावे लागले. साक्षीदार खोटे बोलला नव्हता, घाबरलेला नव्हता, कोणी पढविलेला नव्हता, आणि मनाचे व्यापार तपासणे हाच तर त्याचा व्यवसाय होता. हा सगळा प्रकार म्युन्स्टरबर्ग यांनी १९०८ साली साक्षीदारांच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या आपल्याच पुस्तकात छापून टाकला. आपल्याकडच्या एखाद्या प्राध्यापकाच्या हातून इतका मोकळेपणा झाला असता की नाही, याविषयी मला दाट शंका आहे.

स्मृती म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक दप्तरखाना उभा राहतो. अनुभव आला की त्याचा कागद तयार व्हावा, तो योग्य त्या रुमालात बांधला जावा, रुमाल फडताळात पडावा, आणि पुढे केव्हाही गरज लागली असता मनातल्या कारकुनाने गाठ सोडून तो कागद जसाच्या तसा पुढे करावा. कागद सापडला नाही तर त्याला विस्मरण म्हणावे, आणि सापडला तर तो अस्सल असणारच असे धरून चालावे, अशी ही सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत मानसशास्त्राने या विषयाची जी छाननी केली तिचा इत्यर्थ असा, की असा दप्तरखाना कोणाच्याच डोक्यात नाही. आहे तो एक साक्षीदार. तो हुशार आहे, बहुधा प्रामाणिक आहे, पुष्कळदा त्याचे म्हणणे खरेही ठरते. परंतु तो जे सांगतो ते दर खेपेस नव्याने रचलेले निवेदन असते, आणि त्या रचनेत मूळ घटनेचे अवशेष किती आणि मागाहून पडलेली भर किती हे त्याचे त्यालाच कळत नाही.

या छाननीची सुरुवात मात्र दप्तराच्या कल्पनेवर विश्वास ठेवूनच झाली. हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने स्मृतीचे मापन करण्याचे मनात घेतले आणि प्रयोगासाठी एकच मनुष्य निवडला, तो म्हणजे स्वतः. परिचित शब्दांना अर्थाचे धागे आधीच चिकटलेले असल्यामुळे पाठांतराचे श्रम कोणते आणि पूर्वपरिचयाचा फायदा कोणता हे वेगळे करता येत नाही, ही अडचण ओळखून त्याने दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. मराठीत करायचे झाले तर ‘झुफ’, ‘दॅक’, ‘गौठ’ यांसारखे. त्यांच्या याद्या मिनिटाला १५० ठोके अशा ठरीव लयीत वाचावयाच्या, बिनचूक म्हणता येईपर्यंत घोकावयाच्या, मध्ये नेमका काळ जाऊ द्यावयाचा, आणि मग तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले ते मोजावयाचे. इतका कंटाळवाणा उद्योग वर्षानुवर्षे निष्ठेने करणारा मनुष्य एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतच निपजावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. १८८५ साली त्याने जाहीर केलेले आकडे आजही पाठ्यपुस्तकांत असतात: वीस मिनिटांनी श्रमांची बचत ५८ टक्के, तासाभराने ४४, दिवसाने ३४ च्या आसपास, सहा दिवसांनी २५, आणि पूर्ण महिना उलटल्यावरही २१ टक्के. म्हणजे जे विसरायचे त्यातील बहुतेक पहिल्या काही तासांतच विसरले जाते, आणि त्यातून जे तगते ते मग फार सावकाश झिजते. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेल्या सनावळीचे काय होते हे ज्याने अनुभवले आहे त्याला या वक्ररेषेचे आश्चर्य वाटू नये.

परंतु ‘झुफ’ आणि ‘दॅक’ यांनी कोणाचे आयुष्य भरलेले नसते. माणूस अर्थावर जगतो, आणि अर्थ हाच एबिंगहाउसने मोठ्या शिस्तीने प्रयोगाबाहेर घालवलेला होता. तो परत आत आणला केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्यांनी आपल्या इंग्रज विद्यार्थ्यांना वाचावयास दिली आणि मग पंधरा मिनिटांनी, काही दिवसांनी, काहींना महिन्यांनी व वर्षांनी ती पुन्हा लिहून काढण्यास सांगितले. कथा अशी, की दोन तरुण नदीवर सीलची शिकार करावयास जातात, धुके पडते, रणगर्जना ऐकू येतात, एका होडक्यातून आलेले योद्धे त्यांना लढाईवर बोलावतात. एकजण जातो, लढाईत त्याला जखम झाल्याचे इतर म्हणतात पण त्याला काही जाणवत नाही, आपल्याबरोबरचे हे लोक भुते असली पाहिजेत असे त्याच्या मनात येते. घरी परतून तो सारा वृत्तांत सांगतो, आणि सूर्योदयाच्या वेळी त्याच्या तोंडातून काहीतरी काळे बाहेर पडते व तो मरतो. इंग्रज मनाला या कथेचा सांधा कोठेच नीट बसत नाही. आणि नेमके तेच बार्टलेट यांना हवे होते. विद्यार्थ्यांच्या हातून ती उतरू लागली तेव्हा सीलच्या शिकारीची साधी मासेमारी झाली, आदिवासींच्या होडक्याची इंग्रजी बोट झाली, भुते हळूच गळून गेली किंवा त्यांना कारण जोडले गेले, आणि त्या काळ्या वस्तूचा कोठे तोंडाला आलेला फेस झाला तर कोठे बाहेर पडणारा प्राण. कोणीही मुद्दाम काही बदलले नव्हते. प्रत्येकाने आपल्या मनात जगाविषयी जे साचे तयार होते त्यांत ही परकी कथा बसवून घेतली, आणि बसली नाही तेथे छाटली. १९३२ साली ग्रंथरूपाने आलेला हा अभ्यास आजच्या कडक निकषांवर बराच ढिला ठरेल. आकडेवारी त्यात जवळजवळ नाहीच. तरीसुद्धा एबिंगहाउसच्या सर्व कोष्टकांपेक्षा बार्टलेटच्या या गमतीदार नकला मनुष्याच्या स्मृतीविषयी अधिक सांगून जातात, असे माझे मत आहे.

मेंदूत या साऱ्याचा कारभार कोठे चालतो, या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर मात्र प्रयोगशाळेतून आले नाही. ते एका शस्त्रक्रियेच्या विपरीत परिणामातून आले. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे झटके इतके तीव्र येत की त्याला काम करणे अशक्य झाले होते. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हार्टफर्ड येथील शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतल्या अंगाचा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या वळणदार अवयवाचा बराच मोठा हिस्सा गेला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, भाषा शाबूत राहिली, स्वभावातील सौजन्य तर शेवटपर्यंत टिकले. पण त्या दिवसापासून घडलेली कोणतीही नवी गोष्ट हेन्रीच्या मनात ठरेना. माँट्रिअलहून ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ १९५५ च्या एप्रिलमध्ये त्याला तपासण्यास आली तेव्हा त्याने मार्च १९५३ ही तारीख सांगितली आणि आपले वय सत्तावीस म्हणून सांगितले. ती खोलीतून जाऊन परत आली की तो पुन्हा नव्याने परिचय करून घेई. वैद्यकीय नियतकालिकांत तो पुढली पन्नास वर्षे केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी वावरला, आणि त्याचे नाव जगाला कळले ते २००८ साली त्याच्या मृत्यूनंतरच.

मिल्नरने टिपून ठेवलेला एक प्रसंग येथे सविस्तर सांगण्याजोगा आहे. तिने त्याला ५८४ हा आकडा ध्यानात ठेवावयास सांगितले आणि पंधरा मिनिटे एकटे सोडले. परत येऊन विचारते तो त्याने तो बिनचूक सांगितला. कसा ठेवलास असे विचारता म्हणाला, सोपे आहे: आठ ध्यानात ठेवायचा. पाच, आठ आणि चार यांची बेरीज सतरा. सतरातून आठ गेले, राहिले नऊ. नवाचे दोन भाग केले की पाच आणि चार. म्हणजे झाले पाचशे चौऱ्याऐंशी. मनाशी हे चक्र त्याने पंधरा मिनिटे अखंड फिरवत ठेवले होते. मग क्षणभर दुसरे बोलणे निघाले, आणि मिनिटभराने त्याला तो आकडा तर आठवेनाच, पण आपल्याला काही ध्यानात ठेवण्यास सांगितले होते याचाही पत्ता नव्हता. तूर्त हातात धरून ठेवण्याची स्मृती आणि कायम ठरणारी स्मृती या दोन भिन्न व्यवस्था आहेत, हे एरवी शेकडो पाने लिहून पटले नसते इतके या एका प्रसंगाने पटते. पहिलीचा आवाका फार थोडा. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तो सुमारे सात नगांचा ठरविला होता, आणि पुढच्या संशोधकांनी तो चारापर्यंत खाली आणला आहे.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. मिल्नरने हेन्रीला आरशात पाहून, तारकेच्या आकृतीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवावयास लावले. हात आरशात उलटा दिसत असल्याने हे काम प्रथम कोणालाही जमत नाही. रेघा ओलांडल्या जातात, हात कोपऱ्यावर अडतो. तीन दिवसांच्या सरावात हेन्रीच्या चुका कमी कमी होत गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने चालू लागला. पण हे काम आपण पूर्वी कधी केले आहे याची त्याला सुतराम आठवण नव्हती. हाताला ठाऊक होते आणि हेन्रीला ठाऊक नव्हते. सायकल चालविणे, पोहणे, भाकरी थापणे ही कौशल्ये ज्या व्यवस्थेत साठतात ती हिप्पोकॅम्पसवर विसंबून नाही, हे यातून सिद्ध झाले. आणि एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ साली त्यापुढे जाऊन ‘पॅरिस ही फ्रान्सची राजधानी’ यासारखे ज्ञान आणि ‘माझ्या मुंजीच्या दिवशी पाऊस पडत होता’ यासारखी आत्मकथा यांतही भेद केला. आपण ज्याला सरसकट आठवण म्हणतो तिच्या पोटात निदान इतकी खाती आहेत. हेन्री ब्याऐंशी वर्षे जगला. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचे सॅन डिएगो येथे २,४०१ पातळ काप करण्यात आले, आणि ज्या माणसाला स्वतःविषयी पन्नास वर्षे काही नवे ठेवता आले नाही त्याच्याविषयीचे कागद मात्र जगातील ग्रंथालयांत भरून राहिले आहेत.

आता मूळ साक्षीदाराकडे वळू. सामान्य आठवणी पुसट होतात हे आपण मान्य करतो, पण काही प्रसंग इतके भीषण वा इतके मोठे असतात की ते ‘डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे आहेत’ अशी आपण छातीवर हात ठेवून ग्वाही देतो. या ग्वाहीची परीक्षा उल्रिक नाइसर यांनी घेतली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आतच आकाशात फुटले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून ही बातमी आपल्याला कोठे, कोणाकडून, काय करीत असता कळली हे लिहून घेतले आणि ते कागद ठेवून दिले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. एका विद्यार्थिनीने मूळ कागदावर लिहिले होते की धर्मशास्त्राच्या तासाला बसले असता काहीजण आत येऊन याविषयी बोलू लागले; अडीच वर्षांनंतर ती सांगत होती की वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर दूरदर्शन पाहत असता ही बातमी झळकली आणि आपल्याला जबर धक्का बसला. ४४ पैकी ११ जणांची एकही महत्त्वाची बाब मूळ कागदाशी जुळली नाही. सर्व बाबी जुळल्या अशा फक्त तिघांच्या. याहून मोठी गोष्ट अशी, की हस्ताक्षरातला कागद पुढे ठेवल्यावरही कोणालाच जुनी आठवण परत आली नाही, आणि काहीजण तर आपल्याच लेखावर अविश्वास दाखवून नव्या हकीकतीला चिकटून राहिले. खात्री आणि खरेपणा यांचा परस्परसंबंध किती सैल असू शकतो याची ही चांगलीच रुजवात झाली. आपल्या इतिहाससंशोधकांना ही गोष्ट वेगळ्या वाटेने पूर्वीच कळली होती. १८९८ साली विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांचा खंड प्रसिद्ध केला तेव्हा प्रस्तावनेत बखरींतील हकीकती आणि समकालीन पत्रे यांच्यातील तफावत त्यांनी निर्दयपणे मांडून दाखविली. बखरकारांत कल्पनेचा आणि दरबारी हेतूंचा वाटा होता हे खरे. पण त्यांच्यापैकी अनेकांचे मुख्य भांडवल ऐकीव आणि आठवणीतले होते, हेही विसरून चालणार नाही.

साक्षीदाराला वाकविण्यासाठी अडीच वर्षांचा अवधी तरी कशाला हवा? एक क्रियापद पुरते. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखविली आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात ‘धडकल्या तेव्हा’ असे शब्द होते त्यांनी सरासरी ताशी ३४ मैल सांगितला; ‘चुराडा होईलशा आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचा शब्द होता त्यांनी जवळजवळ ४१ मैल. दुसऱ्या प्रयोगात अशीच एक चित्रफीत दाखवून, आठवड्याने विचारले, की फुटलेल्या काचा पाहिल्या काय? चित्रफितीत काच मुळीच फुटली नव्हती. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी सातांनी होकार दिला. जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी सोळांनी. प्रश्नकर्त्याचा शब्द गुपचूप आठवणीत शिरला आणि तेथला रहिवासी होऊन बसला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने सरतपासात सूचक प्रश्न विचारण्यास प्रतिबंध केला, आणि साक्षीदाराने घटनेच्या वेळी स्वतः केलेले टिपण पाहून स्मृती ताजी करावी अशी मुभाही दिली. तेव्हा मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा जन्मल्याही नव्हत्या. वकिलांना माणसाची ही खोड व्यवहारातून ठाऊक होती. पुढे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात स्पष्ट केले, की साक्षीदाराच्या मनात चित्रफीत नसते आणि ती पुन्हा लावून दाखविण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. सबब बारीकसारीक विसंगतीवरून त्याला खोटा ठरविणे बरोबर नाही. हा निकाल मला फार समंजस वाटतो, कारण त्यात स्मृतीवर आंधळा विश्वासही नाही आणि तिची अवहेलनाही नाही.

निसर्गाने असा बेभरवशाचा साक्षीदार आपल्या पदरी का बांधला, याचे उत्तर हळूहळू मिळू लागले आहे. २००० साली न्यूयॉर्कमधील करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एका विशिष्ट ध्वनीचे भय शिकविले. ही आठवण ठरून गेल्यावर नुसते औषध टोचून ती पुसता येत नाही. परंतु उंदराला तो ध्वनी ऐकवून आठवण जागी केली, आणि त्याच वेळी मेंदूतील भयकेंद्रात नवी प्रथिने बनू न देणारे द्रव्य सोडले, तर भय नाहीसे झाले. याचा अर्थ आठवण जागी होते तेव्हा ती काही काळ पुन्हा ओली, बदलण्याजोगी होते, आणि परत ठेवताना तिला नव्याने पक्के करावे लागते. वारंवार सांगितलेला किस्सा अधिक रंगतदार का होत जातो, हे कोणत्याही घरातील वडीलधाऱ्यांना ऐकणाऱ्याला सांगावयास नको. आपण आठवतो ती बहुधा मूळ घटना नसते, मागच्या वेळी आपण ती कशी सांगितली ते असते. लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली आणखी एक दुवा जोडून दिला. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना त्यांनी पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडलो आहोत अशासारखी दृश्ये कल्पावयास सांगितली. बहुतेकांना सलग दृश्य उभे करता आले नाही, सुटे तुकडेच सांगता आले. ज्या यंत्रणेने आपण भूतकाळ उभा करतो तिच्यानेच भविष्यही रचतो. उद्याच्या भेटीत काय बोलावे, पाऊस आला तर कोठे थांबावे, याचे मसुदे ज्याला सदैव करावे लागतात त्या प्राण्याला सुट्या भागांतून हवी ती जुळणी करणारी स्मृतीच उपयोगी; आणि जी जुळणी करते ती चुकीचीही जुळणी करणार.

काहीही न विसरणारा मनुष्य सुखी असेल, अशी कल्पना असल्यास रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांचे सोलोमन शेरेशेव्हस्की या वृत्तपत्राच्या बातमीदारावरील लिखाण वाचावे. संपादकाने दिलेल्या कामांचे टिपण हा कधीच घेत नसे, म्हणून संपादकानेच त्याला मानसशास्त्रज्ञांकडे धाडले. आकड्यांची लांबलचक कोष्टके तो वर्षांनंतरही म्हणून दाखवी. पण प्रत्येक शब्द त्याच्यापुढे इतके चित्र उभे करी की साध्या परिच्छेदाचा भावार्थ हाती लागेना, रूपकाचा अर्थ लागेना, आणि माणसांचे चेहरे तर सारखे बदलतात म्हणून ओळखूच येत नसत. नको असलेल्या गोष्टी कागदावर लिहून तो कागद जाळून टाकण्याचाही उपाय त्याने करून पाहिला. तो चालला नाही.

आपल्याकडे मुलांना दिवेलागणीला परवचा म्हणावयास बसविण्याचा शिरस्ता होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी करीत औटकीपर्यंत पाढे पुस्तकाकडे न पाहता म्हणावे लागत. या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून पुष्कळ दूषणे दिली गेली, आणि अर्थ न समजता केलेल्या पाठांतराविरुद्ध ती योग्यही आहेत. मात्र हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली अमेरिकेत केलेला प्रयोग पाहता परवच्याच्या बाजूनेही एक कैफियत दाखल करावी लागते. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मग न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. उघड्या पुस्तकावरून दहा वेळा डोळे फिरविणाऱ्या विद्यार्थ्याला सारे येत असल्याचा भास होतो आणि पुस्तक मिटून अडखळणाऱ्याला काहीच येत नसल्याचा. दोघांचाही अंदाज उलटा असतो. आमच्या पंतोजींना याचे कारण ठाऊक नव्हते, पण पुस्तक मिटावयास त्यांनीच लावले.

ज्यांना अक्षरन् अक्षर टिकवायचे होते त्यांनी मात्र नुसत्या सरावावर भिस्त ठेवली नाही. वेदांच्या घनपाठात पहिले पद आणि दुसरे, मग दुसरे आणि पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, मग तिसरे-दुसरे-पहिले, आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे अशी पदे सुलट-उलट गुंफून सारी संहिता म्हणावी लागते. अर्थाच्या ओघात एखादे पद बदलले, गळले किंवा जागा सोडून बसले तर या गुंफणीत ते लगेच अडखळते आणि शेजारी बसलेला घनपाठी हटकतो. बार्टलेटच्या विद्यार्थ्यांना होडक्याची बोट करता आली ती अर्थ त्यांना ओढून नेत होता म्हणून. घनपाठात अर्थाला तशी ओढ घेण्यास वावच ठेवलेला नाही. स्मरणशक्तीच्या कौतुकाने आपण ही परंपरा सांगतो, पण तिच्या रचनाकारांचा स्मरणशक्तीवर किती अविश्वास होता हे त्या पाठांच्या बांधणीतच दिसते.

माणसांविषयीच्या आठवणींना असे घनपाठाचे कुंपण घालता येत नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, लिहून ठेवण्याचे त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी मनावर घेतले, तेव्हा त्यांनी स्वामींनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांना एकट्यांना विचारून भागविले नाही. ज्याच्या ज्याच्या समक्ष जी लीळा घडली त्याच्याकडे जाऊन त्याची हकीकत घेतली, कोठे घडली, कोण हजर होते, स्वामी बसले होते की उभे होते हे विचारले, आणि मग ऋद्धिपुरात नागदेवाचार्यांकडून त्याची तपासणी करवून घेतली. चौकशीचा हा शिरस्ता कोणत्याही कोर्टाला शोभला असता. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि ज्यांनी ती मुखोद्गत केली होती त्यांच्याकडून लीळाचरित्र पुन्हा लिहून घ्यावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून निरनिराळे पाठ तयार झाले. हिराइसा त्यांपैकी एक. तिची धारणा विलक्षण म्हणून प्रसिद्ध होती आणि तिच्या नावाचा पाठ आजही अभ्यासकांना परिचित आहे. परंतु तिचेच खरे मानून इतरांचे रद्द केले, असे त्या मंडळींनी केले नाही. तोच प्रसंग दुसऱ्याला निराळा आठवत असेल तर ‘एकी वासना’, म्हणजे एकाची आठवण अशी, असे म्हणून तोही त्यांनी तेथेच लिहून ठेवला, आणि कोणती वासना ग्राह्य धरावी याचा निवाडा वाचणाराकडे सोपवला.